दशक-एकक हाताने शिकवताना: पहिली-दुसरीच्या वर्गासाठी मार्गदर्शन

दुसरीतल्या एखाद्या मुलाला ३४ काड्या मोजायला सांगाव्यात आणि ती संख्या पाटीवर लिहायला सांगावी. बहुतेक मुले ३४ बरोबर लिहितात. मग पाटीवरच्या ४ वर बोट ठेवून विचारावे, ‘हा चार यातल्या कोणत्या काड्यांचा?’ मूल चार काड्या बाजूला काढून दाखवते. आता ३ वर बोट ठेवून तोच प्रश्न विचारावा. अनेक मुले निःशंकपणे तीन काड्या उचलून दाखवतात. जमिनीवर सत्तावीस काड्या तशाच पडलेल्या असतात आणि त्या कोणाच्या वाट्याच्या, हा प्रश्न त्यांना पडतही नाही. हेच मूल एक ते शंभर अंक घडाघडा म्हणते, वहीत सुबक अक्षरात लिहिते आणि ‘दशकस्थानी कोणता अंक आहे?’ या परीक्षेतल्या प्रश्नाला अचूक उत्तरही देते. स्थान त्याला ठाऊक झालेले असते, परंतु त्या स्थानाची किंमत त्याच्या हाती लागलेली नसते.

ही किंमत फळ्यावरच्या स्पष्टीकरणाने समजत नाही, असे माझे ठाम मत आहे. दहा सुट्या वस्तूंचा एक गठ्ठा होतो, तो एक असूनही दहा असतो आणि गरज पडली की पुन्हा सोडता येतो, ही गोष्ट मुलाने स्वतःच्या हाताने बांधून आणि सोडून अनुभवावी लागते. शिक्षकाने बांधून आणलेला तयार गठ्ठा पाहून हे काम होत नाही. पुढील मांडणी पहिलीच्या दुसऱ्या सत्रापासून दुसरीच्या अखेरीपर्यंतच्या वर्गांसाठी आहे. तिच्यात जे साहित्य सुचवले आहे ते कोणत्याही गावात जमवता येईल असेच आहे.

साहित्य कसे निवडावे

गठ्ठ्यांसाठी लागणाऱ्या काड्या एकसारख्या लांबीच्या असाव्यात. खराट्याचे हीर, आइसक्रीमच्या काड्या, शीतपेयाच्या नळ्यांचे तुकडे यांपैकी जे सहज मिळेल ते चालते. हीर वापरायचे असतील तर साधारण दहा सेंटिमीटरचे तुकडे करून त्यांची टोके जमिनीवर घासून बोथट करून घ्यावीत, कारण टोकदार काडी शेजाऱ्याच्या डोळ्याजवळ जायला वेळ लागत नाही. तीस मुलांच्या वर्गात चार-चार मुलांचे गट केले तर सात-आठ गट होतात. प्रत्येक गटाला १२० काड्या द्यायच्या असे धरले तर साडेआठशे ते साडेनऊशे काड्या लागतात. हा आकडा मोठा वाटतो, परंतु काड्या कमी पडल्या की शिक्षक नकळत लहान संख्यांवरच रेंगाळतात आणि शंभराचा गठ्ठा कधी बांधलाच जात नाही. शंभरावर वीस काड्या जास्त असाव्यात, त्याचे कारण पुढे हातच्याच्या बेरजेत कळेल.

काड्या बांधायला काय द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. बाजारातले बारीक रबर पहिलीतल्या मुलांच्या बोटांत नीट बसत नाही, तुटते, आणि वर्गात रबर ताणून मारण्याचा खेळ सुरू होतो. सुतळीला गाठ मारता येईल इतकी सफाई त्या वयात सर्वांच्या बोटांत नसते. सर्वांत सोयीच्या ठरतात त्या सायकलच्या जुन्या ट्यूबच्या आडव्या कापलेल्या चकत्या. गावातल्या पंक्चरच्या दुकानात फाटकी ट्यूब मागितली तर सहसा फुकट मिळते आणि एका ट्यूबमधून वर्षभराचे काम भागते. चकती रुंद असल्यामुळे ती मुलांना चढवता येते आणि तितक्याच सहजतेने उतरवताही येते. उतरवणे हे बांधण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

चिंचोके, खडे, सागरगोटे हे मोजण्यासाठी उत्तम असतात, परंतु ते बांधता येत नाहीत. म्हणून सुरुवातीच्या अंदाज आणि मोजणीसाठी ते वापरावेत व गठ्ठ्यांच्या टप्प्यावर काड्या घ्याव्यात. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर त्यांचा भर होता. त्या भराचे शहाणपण आजही शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेल्या गणित पेट्या पाहिल्या की पटते. पेटी मिळालेली असेल तर ती अवश्य उघडावी. मात्र हरवले तर हिशेब कोण देणार या भीतीने जे साहित्य मुलांच्या हाती पडत नाही, त्यापेक्षा हरवले तरी चालेल असे साहित्य शतपटीने बरे.

याखेरीज एक गणितमाला हवी. शंभर मण्यांची, दर दहा मण्यांनंतर रंग बदलणारी ही माळ मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर भिंतीलगत ताणून बांधावी. फळ्याच्या वर शोभेसाठी टांगलेली माळ काही उपयोगाची नाही. तिच्यावर सरकवायला कपड्यांचा एक चिमटा ठेवला की पुरे.

मोजणीतली अडचण आधी जाणवू द्यावी

पहिल्याच दिवशी गठ्ठे बांधायला लावू नयेत. दहा-दहाचे गट करावेसे मुलांना का वाटावे, याचे कारण त्यांना मिळालेले नसते, आणि कारणाशिवाय केलेली कृती ही गुरुजींनी सांगितली म्हणून केलेली कृती होते. प्रत्येक गटापुढे ओंजळभर चिंचोके ओतावेत, साधारण साठ-सत्तर होतील इतके, आणि आधी अंदाज विचारावा. कोणी वीस म्हणेल, कोणी हजार म्हणेल. अंदाज फळ्यावर लिहून मोजायला सांगावे. मुले एकेक चिंचोका सरकवत मोजू लागली की शिक्षकाने मध्येच काहीतरी विचारावे, कोणाला तरी हाक मारावी, खिडकी लावायला सांगावे. निम्म्या गटांचा आकडा विसरतो. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. दुसऱ्यांदा असेच झाले की एखादा गट आपणहून छोटे छोटे ढीग करू लागतो.

हे ढीग पाचचे असोत, चारचे असोत वा दहाचे, त्या क्षणी दुरुस्ती करू नये. ‘तुम्ही असे का केले?’ एवढेच सर्व वर्गासमोर विचारावे. नंतर गावात कोणत्या वस्तू गठ्ठ्याने मोजतात याची चर्चा घ्यावी. केळी डझनावर, मेथी जुडीवर आणि कडब्याच्या पेंढ्या शेकड्यावर, ही माहिती मुलांकडे असतेच. तीतून ‘मोठे मोजायचे तर गठ्ठा करावा’ हा विचार त्यांचाच म्हणून वर्गात येतो. मग शिक्षकाने सांगावे की आपण या वर्गात दहाचा गठ्ठा करणार आहोत. दहाच का, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्याला दोन्ही हातांची बोटे दाखवावीत. एवढे उत्तर त्या वयाला पुरते.

बांधणे

आता काड्या द्याव्यात. नियम एकच ठेवावा: दहा झाल्या की बांधायच्या, दहापेक्षा कमी सुट्या राहू द्यायच्या. पहिले काही दिवस ‘दशक’ आणि ‘एकक’ हे शब्दच वापरू नयेत. ‘तीन गठ्ठे आणि चार सुट्या’ ही भाषा मुलांची आहे व अचूक आहे. ती तोंडात बसली की ‘गठ्ठ्याला पुस्तकात दशक म्हणतात’ हे सांगायला एक मिनिट पुरते. उलट क्रमाने गेले तर दोन्ही शब्द पाठ होतात आणि अर्थ मागे राहतो.

प्रत्येक गटाला जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ मारून एक तक्ता करून द्यावा. त्याच्या डावीकडे गठ्ठ्याचे चित्र व उजवीकडे सुट्या काडीचे चित्र असावे. इथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. आपली मुले गटात बसवली की ती गोल करून बसतात, त्यामुळे समोरासमोर बसलेल्या दोन मुलांना तोच तक्ता उलटसुलट दिसतो. एकाला ३४ दिसते तेव्हा समोरच्याला चार सुट्या डावीकडे आणि तीन गठ्ठे उजवीकडे दिसतात. लिहिण्याची वेळ आली की हा समोरचा मुलगा ४३ लिहितो आणि आपण त्याला ‘उलटे लिहितोस’ म्हणून रागावतो. वास्तविक त्याने जे दिसले तेच लिहिलेले असते. म्हणून तक्त्याचे काम करताना चारही मुले एकाच बाजूला, शेजारीशेजारी बसवावीत. जागा कमी पडत असेल तर दोघा-दोघांना एक तक्ता द्यावा.

कृतीचे स्वरूप रोज थोडे बदलावे. एक दिवस शिक्षकाने संख्या बोलावी आणि मुलांनी मांडावी, दुसऱ्या दिवशी एका गटाने मांडावी व दुसऱ्याने ओळखावी. गठ्ठे डोळे मिटून चाचपून ओळखण्याचा खेळ मुलांना विशेष आवडतो. चाळीस मिनिटांच्या तासात वीस मिनिटे हाताचे काम, दहा मिनिटे बोलणे आणि शेवटची दहा मिनिटे लेखन, असे वाटप साधारण योग्य ठरते. बोलण्याची दहा मिनिटे घाईत गाळली जातात आणि नेमके तिथेच नुकसान होते, कारण ‘तू काय केलेस ते सांग’ या प्रश्नाचे उत्तर देताना मूल आपल्या कृतीकडे पुन्हा पाहते.

याच्या जोडीला वर्षभर चालणारी एक कृती परिपाठानंतर घ्यावी. शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून दररोज एक काडी भिंतीवरच्या खिशात टाकायची आणि दहा झाल्या की त्या दिवशीच्या मुलाने गठ्ठा बांधायचा. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते, तिथे शंभरावा शालेय दिवस दिवाळीच्या आगेमागे येतो. त्या दिवशी दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा बांधला जातो व शतक ही कल्पना मुलांच्या साक्षीने जन्माला येते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरणे आवश्यक आहे. म्हणजे एप्रिलपर्यंत दुसरा मोठा गठ्ठाही बांधून होतो. कॅलेंडरवरील तारीख आणि खिशातील काड्यांची संख्या जुळत का नाही, हा प्रश्न एखादे मूल विचारतेच. त्याचे उत्तर रविवारांमध्ये आणि सणांमध्ये मुलांनाच शोधू द्यावे.

संख्यांची नावे

मराठी संख्यानामांत सुट्यांचा उच्चार आधी होतो आणि गठ्ठ्यांचा नंतर. पंचवीस म्हणताना कानावर पाच आधी पडतात, मग वीस येतात. लिहिताना मात्र दोन डावीकडे आधी येतो. त्यामुळे ऐकून लिहिताना पंचवीसचे ५२ होणे ही मुलाच्या निष्काळजीपणाची खूण मानू नये. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन, तेवीस’ अशा रीतीने संख्यावाचन आले. त्यावरून वृत्तपत्रांपासून विधिमंडळापर्यंत बराच वाद झाला. त्या वादात टिंगल अधिक आणि वर्गातला अनुभव कमी होता, असे मला वाटते. माझ्या मते ‘वीस तीन’ हे वाचन पायरी म्हणून अत्यंत उपयोगी आहे. परंतु तेवीस, त्रेसष्ट, सत्त्याहत्तर ही नावे मुलाला बाजारात, एस.टी.त आणि घरी रोज ऐकावी लागतात, त्यामुळे ती टाळूनही चालत नाही. म्हणून वर्गात दोन्ही एका दमात म्हणावीत. गठ्ठ्यांवर हात ठेवून ‘वीस’, सुट्यांवर हात ठेवून ‘तीन’ आणि सगळ्यांवर हात फिरवून ‘तेवीस’.

लिहिण्याच्या वेळी संख्याकार्डे घ्यावीत. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची दोन मापांची कार्डे करावीत: लांब कार्डांवर १०, २० पासून ९० पर्यंत आणि त्याच्या निम्म्या रुंदीच्या छोट्या कार्डांवर १ ते ९. मुलाने दोन गठ्ठे व पाच सुट्या मांडल्या की त्याने २० चे लांब कार्ड आणि ५ चे छोटे कार्ड उचलायचे. दोन्ही शेजारीशेजारी ठेवली तर २०५ दिसते, आणि ही चूक मुले वहीतही करतात. छोटे कार्ड लांब कार्डाच्या शून्यावर ठेवले की २५ दिसते. ‘वीस कुठे गेले?’ असे विचारावे. मूल छोटे कार्ड उचलून खालचे शून्य दाखवते. हा प्रश्न रोज एकदा तरी विचारावा. देवनागरी अंकांपुरती आणखी एक काळजी घ्यावी लागते. ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असल्यासारखे दिसतात, १ आणि ९ यांतही पुष्कळ मुले गोंधळतात. तेव्हा चूक अंकाच्या आकाराची आहे की स्थानाची, हे मुलाला तीच संख्या काड्यांनी मांडायला सांगून आधी पडताळून पाहावे.

एकोणतीस, एकोणचाळीस या नावांचा त्रास निराळा आहे. ‘एकोणतीस’ ऐकल्यावर कानात तीस राहतात, म्हणून मूल ३९ लिहिते. यासाठी काड्यांपेक्षा गणितमाला अधिक कामाची आहे. चिमटा तिसाव्या मण्यानंतर लावावा, मग एक मणी मागे आणावा व ‘तिसाला एक कमी, एकोणतीस’ असे म्हणावे. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही चाल सारखी आहे. नव्व्याण्णव मात्र या चालीत बसत नाही, हे मुलांना मुद्दाम सांगावे. अपवाद सांगितला की नियम अधिक पक्का होतो. माळेवर ‘अठ्ठेचाळीसच्या जवळची गोष्ट सांगा’ असाही खेळ घेता येतो. पन्नासाला दोन कमी, चाळीसला आठ जास्त, अशी जितकी उत्तरे येतील तितकी हवीत.

वर्गात कोरकू, गोंडी, भिली, पावरी अशा घरभाषांची मुले असतील तर त्यांच्या भाषेतील संख्यानामे त्यांच्याकडून ऐकून फळ्यावर लिहावीत आणि गठ्ठे मांडताना तीही म्हणू द्यावीत. काड्या सर्व भाषांत सारख्याच असतात आणि मुलाला संख्या कळली आहे पण मराठी नाव आठवत नाही, ही शक्यता तपासण्याचा तोच एक सरळ मार्ग आहे.

हातचा म्हणजे बांधलेला गठ्ठा

इथवरची मेहनत ज्यासाठी केली, ती गोष्ट आता येते. हातच्याच्या बेरजेत ‘बाराचे दोन लिहिले, हातचा एक’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. तो एक म्हणजे दहा, हे मात्र फार थोड्या मुलांना उमगते. म्हणून पहिली हातच्याची बेरीज वहीशिवाय करावी.

२७ आणि १५ घ्यावेत. गटातल्या एकाने कोठारी व्हावे. ट्यूबच्या चकत्या त्याच्याकडेच राहतील आणि दहा काड्या मोजून दाखवल्याशिवाय तो चकती देणार नाही. दोघांनी मांडायचे, चौथ्याने लिहायचे. तक्त्याच्या वरच्या भागात दोन गठ्ठे व सात सुट्या, खालच्या भागात एक गठ्ठा व पाच सुट्या. ‘आता सगळे एकत्र करा’ असे सांगितले की बहुतेक गट आधी गठ्ठे एकत्र करतात. तीन गठ्ठे झाले. मग सुट्या एकत्र येतात. बारा झाल्या. इथे थोडे थांबावे. एखादा गट ‘तीन गठ्ठे आणि बारा सुट्या’ असे सांगून मोकळा होतो, क्वचित ३१२ असेही लिहितो. रागावू नये, कारण तीन गठ्ठे आणि बारा सुट्या हे उत्तर चुकीचे नाही, फक्त आपल्या नियमात बसत नाही. ‘आपला नियम काय होता?’ असे विचारले की कोणीतरी ओरडते, ‘बाई, अजून एक गठ्ठा होतोय!’ दहा मोजल्या जातात, कोठारी चकती देतो, गठ्ठा बांधला जातो आणि बांधणारे मूल तो आपल्या हाताने उचलून रेघेच्या उजवीकडून डावीकडे नेऊन ठेवते. उरतात चार गठ्ठे आणि दोन सुट्या.

हा गठ्ठा हातात धरलेला असतानाच शिक्षकाने म्हणावे, ‘हा तुझा हातचा.’ त्यानंतरच्या उदाहरणात लिहिणाऱ्या मुलाने प्रत्येक कृतीबरोबर एकेक अंक लिहावा. गठ्ठा डावीकडे गेला की दशकाच्या घरावर १ लिहायचा, सुट्या दोन उरल्या की एककाच्या घरात २. कृती आणि लेखन यांत अंतर पडू देऊ नये. आज काड्या आणि उद्या वही असे केले तर मुलाच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामे होतात आणि वहीतल्या कामाला पुन्हा फक्त पाठांतराचा आधार उरतो. वर सांगितलेल्या जास्तीच्या वीस काड्यांचा उपयोगही इथेच होतो. ६८ आणि ४७ यांसारखी बेरीज मांडताना शंभराचा मोठा गठ्ठा बांधूनही सुट्या उरल्या पाहिजेत.

वजाबाकीत तीच कृती उलट करायची असते. ४२ काड्यांतून १७ काढून द्यायच्या आहेत. चार गठ्ठे आणि दोन सुट्या समोर आहेत. सात सुट्या मागितल्या तर दोनच आहेत. वहीत हेच उदाहरण दिल्यावर पुष्कळ मुले मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून ३५ असे उत्तर आणतात, कारण तिथे दोनातून सात जात नाहीत ही अडचण फक्त कागदावरची असते. हातात दोनच काड्या असताना सात देता येत नाहीत, हे दिसते. मग एक गठ्ठा सोडायचा, त्याच्या दहा काड्या सुट्यांत मिसळायच्या, बारा झाल्या, त्यातल्या सात द्यायच्या आणि उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक द्यायचा. उरल्या पंचवीस. ‘उसना घेतला’ असे आपण म्हणतो. परंतु उसने घेतलेले परत करायचे असते आणि इथे काहीच परत करायचे नसते, त्यामुळे चिकित्सक मुले हटकून अडतात. सुरुवातीला ‘गठ्ठा सोडला’ एवढेच म्हणावे. घरी आई किंवा आजोबा ‘उसना’ म्हणतात, तेव्हा दोन्ही एकच आहे हे मुलाला पुढे कळेल इतके सांगून ठेवावे.

शून्याची बाजू थोडक्यात. चार गठ्ठे आणि एकही सुटी काडी नसेल तर तक्त्याचे उजवे घर रिकामे दिसते. ते रिकामे आहे हे सांगण्यासाठी शून्य लिहायचे. एकशे पाच लिहिताना १००५ होते तेव्हाही तक्त्याला तिसरे घर जोडून मोठा गठ्ठा, रिकामे मधले घर आणि पाच सुट्या मांडायला लावले की मूल स्वतःच दुरुस्ती करते.

नोटा आणि नाणी

काड्यांचा सराव झाल्यावरच खेळण्यातल्या नोटा आणाव्यात. याचे कारण असे की काड्यांचा गठ्ठा सोडून आतल्या दहा काड्या मोजता येतात. दहाच्या नोटेच्या आत मात्र काही दिसत नाही. ती दहाची आहे यावर विश्वास ठेवावा लागतो आणि तो विश्वास गठ्ठे बांधून झालेल्या मुलाकडेच असतो. आरंभी फक्त १००, १० आणि १ याच किमतीच्या नोटा व नाणी ठेवावीत. ५, २०, ५० यांनी खऱ्या व्यवहारात सोय होते, पण या टप्प्यावर दहाची चाल मोडते. वर्गात दुकान मांडून वस्तूंना किमतीच्या चिठ्ठ्या लावाव्यात आणि एका मुलाला सराफ करावे. त्याच्याकडे नोट देऊन सुटे घ्यायचे, सुटे देऊन नोट घ्यायची. ‘सुटे’ हा शब्द काड्यांच्या वेळचाच असल्यामुळे मुलांना जोडणी सांगावीही लागत नाही. शाळेत बालआनंद मेळावा भरत असेल तर दुसरीच्या मुलांकडे एखाद्या स्टॉलचा गल्ला सोपवून पाहावा. भेळेच्या पैशांत चूक झाली तर ग्राहकच ती दुरुस्त करून घेतात.

द्विशिक्षकी शाळेत आणि मधूनच आलेल्या मुलांसाठी

पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, एकाच शिक्षकाकडे, ही स्थिती आपल्या लहान गावांत नेहमीची आहे. या विषयापुरती ती अडचण न ठरता सोयही ठरू शकते, कारण साहित्य एकच आणि काम निराळे ठेवता येते. दुसरीची मुले बेरजेची उदाहरणे मांडत असताना पहिलीच्या मुलांना त्यांच्यासाठी गठ्ठे बांधून देण्याचे काम द्यावे. चुकीचा गठ्ठा आला, म्हणजे नऊ किंवा अकरा काड्यांचा, तर दुसरीची मुले तो परत पाठवतात. ही तपासणी शिक्षकाच्या तपासणीपेक्षा कडक असते.

ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर दिवाळीनंतर बाहेर पडलेली मुले मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. त्यांना थेट वहीतल्या उदाहरणांवर बसवू नये. दोन-तीन दिवस गठ्ठे बांधण्याचे, मग कार्डांचे, मग बेरजेचे काम द्यावे. फडावर मोळ्या बांधताना पाहिलेल्या या मुलांना बांधण्याची कल्पना नवी नसते, आणि एखाद्या दिवशी त्यांनाच गटप्रमुख केले तर मागे पडल्याची भावना बरीच कमी होते.

कळले की नाही, हे कसे पाहावे

लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाची घोषणा ५ जुलै २०२१ रोजी झाली. त्याच्या उद्दिष्टांनुसार पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या आणि दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्या मुलाला वाचता व लिहिता आल्या पाहिजेत. उद्दिष्ट योग्यच आहे, परंतु वाचणे व लिहिणे एवढ्यावर तपासणी थांबली तर सुरुवातीला सांगितलेला ३४ काड्यांचा मुलगाही त्यात उत्तीर्ण होतो. म्हणून लेखी चाचणीच्या जोडीला दररोज तीन-चार मुलांना जवळ बोलावून दोन मिनिटे बोलावे. पुढील प्रश्न पुरेसे आहेत. ६३ काड्यांत किती गठ्ठे बांधता येतील? ३७ मध्ये आणखी दहा टाकल्या तर किती? ४८ मोठी की ५१, आणि का? तिसऱ्या प्रश्नाला ‘आठ मोठे आहेत म्हणून अठ्ठेचाळीस’ असे उत्तर आले तर मूल अजून अंक पाहते आहे, संख्या पाहत नाही. ३७ मध्ये दहा टाकताना मूल बोटांवर एकेक मोजू लागले, तर त्याला आणखी आठवडाभर गठ्ठे द्यावेत. ‘सत्तेचाळीस’ असे चटकन सांगितले तर ‘कसे केलेस?’ हा प्रश्न तरीही विचारावा. उत्तरे टाचणवहीच्या मागील पानावर नावासमोर दोन शब्दांत टिपून ठेवली तर महिन्याअखेरीस वेगळी चाचणी घेण्याची गरजही राहत नाही.

काड्या कधी बंद कराव्यात, असे शिक्षक वारंवार विचारतात. शिक्षकाने त्या बंद करू नयेत. मूल आपोआप कमी काड्या घेऊ लागते. आधी गठ्ठे मनातच धरते आणि सुट्याच तेवढ्या मांडते, मग तक्त्याकडे नुसते पाहते, मग तेही सोडते. काहींना हे दुसरीच्या दिवाळीपूर्वी साधते, काहींना तिसरी उजाडते. तोवर डबा खालच्या फळीवर, मुलांचा हात पोहोचेल असा, न झाकता ठेवावा. परीक्षेच्या वेळीही तो तिथून हलवू नये. तास संपल्यावर काड्या परत घेताना दहा-दहाच्या गठ्ठ्यांतच घ्याव्यात. बारा गठ्ठे पूर्ण झाले नाहीत तर कोणत्या गटाकडे किती काड्या राहिल्या, हे मुलांनी स्वतः सांगावे आणि शोधून आणावे.